मरणोत्तर तिसरी पायरी

प्राची, तुला तिसरी पायरी मिळाली. जिच्यासाठी तू आपल्या गिर्यारोहण क्लबच्या सेक्रेटरीच्या, त्या ओंकारच्या, मागे हात धुऊन लागली होतीस ती. तुझ्या नावाचं प्रमाणपत्र छापून आलंय, लॅमिनेट केलंय, खाली क्लब बघणाऱ्या सरांची सही आहे. मधोमध लिहिलंय, ‘दोरप्रमुख, मरणोत्तर’. जिवंतपणी मिळायला तुझे क्रेडिट कमी पडत होते. मेल्यावर ते कसे पूर्ण झाले, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

शनिवारी कॉलेजच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. स्टेजवर तुझा फोटो होता, गॅदरिंगमधला, साडीतला, तुला अजिबात न आवडणारा. कड्यावरचा फोटो का नाही लावला म्हणून विचारलं तर सापडलाच नाही म्हणे. सापडणार कसा? फोटो काढतात ते वर चढणाऱ्याचे. खाली उभी राहून त्याचा दोर धरणारी कुठल्या फोटोत येते? फार तर तुझं हेल्मेट आलं असेल एखाद्या कोपऱ्यात.

भाषणं झाली. तू ‘निःस्वार्थ’ होतीस असं कळलं. ‘कधी कशाची अपेक्षा केली नाही’ असंही कळलं. मी मागच्या रांगेत बसून दात आवळत होते. तू आणि अपेक्षा नाही? अगं, तू क्लबच्या मीटिंगमध्ये हात वर करून म्हणायचीस, “मला तिसरी पायरी कधी देताय ते सांगा.” दर मीटिंगला. लोक हसायचे आणि तू पुढच्या मीटिंगला पुन्हा विचारायचीस. मेलेल्या माणसाला साधंसुधं करून टाकायची लोकांना एवढी घाई का असते?

ओंकार मात्र खरंच रडला. ते मी नाकारत नाही. रडत रडतच त्याने तुझ्या आईला स्टेजवर बोलावलं आणि ते प्रमाणपत्र हातात दिलं. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या! काकी खाली येऊन माझ्या शेजारी बसल्या, कागद मांडीवर उलटा-सुलटा करून पाहिला आणि हळूच विचारलं, “अनघा, ह्या काय दिल्यानी गो?”

मी त्यांना पायऱ्या समजावून सांगितल्या. मी, जी पायऱ्यांच्या नावाने कायम बोटं मोडायची, ती. म्हटलं, काकी, फी भरली की माणूस सभासद होतो, ती पहिली पायरी. क्लबासाठी फुकट काम केलं की त्याचे क्रेडिट मिळतात, मार्कांसारखे. ते साठले की दुसरी पायरी, सहायक. सहायकाला दुसऱ्याचा दोर धरता येतो. आणखी पुष्कळ साठले की तिसरी, दोरप्रमुख. संशय आला की दोर बाद, असा क्लबचा नियम; पण कुठला दोर वापरायचा आणि कुठला बाद करायचा, हे फक्त दोरप्रमुख ठरवतो.

“मगे ता तर आमचा प्राची आधीच करी होता ना?” काकी म्हणाल्या. “दर सोमवारी आमची न्हाणी तेकाच दिलेली. सगळे दोर धुवी होता.”

“हो काकी. पण त्याचे क्रेडिट मिळत नव्हते.”

“कित्याक?”

याचं उत्तर शोकसभेत कुजबुजत देता येण्यासारखं नव्हतं. घरी जाऊन सांगते म्हटलं.

तुमच्या लालबागच्या चाळीतली ती न्हाणी मला पाठ आहे. क्लाइंबहून आलं की बाकीचे सगळे आपापल्या घरी झोपायला जायचे आणि तू सगळे दोर खांद्याला लावून घरी न्यायचीस. दुसऱ्या दिवशी मोठ्या टबात गार पाणी, त्यात साबणाचा थोडासा चुरा, आणि एकेक दोर त्यातून ओढून काढायचा. नुसता धुवायचा नाही. डोळे मिटून, बोटांच्या चिमटीतून, वीत वीत पुढे सरकवत. “डोळ्यांना फक्त साल दिसते,” तू म्हणायचीस. “आतला गाभा बोटांना कळतो. कुठे पोकळ लागला, चपटा लागला, की समजायचं.” मग ते दोर गॅलरीत सावलीला वाळत पडायचे. ऊन लागलं की नायलॉन खराब होतो, म्हणून नेमकी शेजारच्या काकूंच्या कपड्यांची जागा तुला लागायची. त्यावरून तुमची भांडणं. काकी आतून ओरडायच्या, “त्या सापांका न्हाव घालून काय गावता तुका?” आणि कुणाचा पाय चुकून दोराला लागलाच, तर तू त्याला खाली वाकून नमस्कार करायला लावायचीस. शेजारच्या काकूंनासुद्धा. त्या करायच्याही, वर तोंडाने तुझा उद्धार चालू.

क्रेडिट न मिळण्याचं कारण क्लबचं ते अ‍ॅप. ते आलं तेव्हा तूच सगळ्यात खूश होतीस, हे विसरू नकोस. म्हणालीस, “बरं झालं, आता वशिला बंद. काम केलं त्याचं नोंदलं जाईल.” मग कळलं की काम करतानाचा फोटो काढायचा आणि तो कार्यक्रमाच्या जागेवरूनच टाकायचा. कार्यक्रम कॉलेजमध्ये किंवा कड्यावर. तुझी न्हाणी लालबागला. तू दर सोमवारी फोटो टाकलास, आणि दर वेळी तेच उत्तर, लोकेशन जुळत नाही. त्याच अ‍ॅपवर बॅनर धरून उभं राहण्याचे क्रेडिट होते. सेल्फी पॉइंट सजवण्याचे होते. क्लबच्या वाढदिवसाचा केक आणायला गेलेल्या पोरांनाही मिळाले. आणि ज्या दोरावर माणूस लटकतो, तो तपासण्याचे नाहीत.

तुझ्या जागी मी असते तर अ‍ॅप काढून टाकून निवांत घरी बसले असते. तू हट्टाला पेटलीस. सरांना लांबलचक मेल लिहिलेस, इंग्रजीत, मला वाचायला लावून. मग एका सोमवारी म्हणालीस, “लोकेशन पाहिजे ना त्यांना? देते लोकेशन.” आणि आपण दोघी तो टब, त्यात दोर, असं दोन्हीकडून धरून लालबागपासून परळला कॉलेजपर्यंत चालत आलो. भर दुपारी. पुलाखाली एका टॅक्सीवाल्याने विचारलं, “मच्छी है क्या?” तू म्हणालीस, “अजगर है.” बागेच्या नळाखाली तू दोर धुवायला बसलीस, मी फोटो काढला, आणि तेवढ्यात माळीकाकांनी दोघींना हाकललं. फोटो टाकला. आता लोकेशन जुळलं, पण त्या तारखेला कार्यक्रम नाही म्हणून नामंजूर. तू बागेच्या कठड्यावर बसून एवढी हसलीस की मला वाटलं आता संपला हिचा नाद. कसला संपतोय!

आपलं त्यावरूनच तर भांडण होतं. मला आठवतंय, तू गिरगावात आमच्या घरी आली होतीस आणि आपण खोताच्या वाडीतल्या एका ओट्यावर बसून वाद घालत होतो. मी म्हटलं होतं, “पायऱ्या कसल्या मागतेस? डोंगर विचारतो का तुला कितव्या पायरीवर आहेस म्हणून?”

“डोंगर नाही विचारत. पण वर लटकलेल्या माणसाला माहीत नको, खाली कोण उभंय ते?”

“त्याला माहीत आहे ना, प्राची उभी आहे.”

“ते तुला माहीत. नवीन पोरीला काय माहीत? तिला क्लबचा बोर्ड वाचून कळलं पाहिजे. आणि बोर्डावर मला नाव पाहिजेच आहे यार, पिवळ्या रंगात, खोटं कशाला बोलू? तुला नको तर तू नको लावू.”

मी म्हटलं तू हावरट आहेस. तू म्हणालीस मी आळशी आहे आणि आळसाला तत्त्व म्हणते. वरून एक आजोबा डोकावले आणि म्हणाले, “हळू बोला पोरींनो.” आपण उठलो, पण वाद उठला नाही. तो चर्नी रोडपर्यंत चालू होता, मग फोनवर चालू होता. खरं सांगायचं तर तो मला आवडायचा.

आणि मग तो निळा दोर.

मे महिन्यातल्या क्लाइंबला तो कड्याच्या धारेवर घासला होता. धुताना तू एका जागी थांबलीस, मागे गेलीस, पुन्हा त्या जागेवर आलीस. मला म्हणालीस, डोळे मिट, बघ लागतंय का. मी मिटले, मला काहीही लागलं नाही. तू मात्र म्हणालीस, इथे आत काहीतरी बसलंय. बाहेरून साल धडधाकट. तू त्या जागी लाल टेप गुंडाळलीस आणि ओंकारला सांगितलंस, हा बाद कर. दोर बाद करायचा म्हणजे त्याचे तुकडे करायचे, नाहीतर कुणीतरी चुकून पुन्हा वापरतो. ओंकार म्हणाला, “तू सहायक आहेस गं. दोरप्रमुखांनी बघितल्याशिवाय कसा कापणार? बघतो.” त्यांनी बघितला, नुसत्या डोळ्यांनी, आणि म्हणाले चांगला आहे. नवीन दोर बजेटमध्ये बसत नव्हता. क्लबचे टीशर्ट मात्र बसले. तू तो दोर क्लबच्या पिशवीत अगदी तळाशी ठेवून दिलास आणि मला म्हणालीस, “तिसरी पायरी मिळू दे, पहिला हाच कापते.”

नंतर पावसाळा, क्लाइंबिंग बंद. नंतर तुझा ताप. हॉस्पिटलातलं मी फार लिहिणार नाही. तुझ्या हाताला सलाइन होतं आणि तू म्हणालीस, “इथून एक फोटो टाकते अ‍ॅपवर. बघू, क्रेडिट देतात का.” मी हसले. डेंग्यू काय, होतो बरा, असं आपण सगळेच म्हणत होतो. तूसुद्धा.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, क्लबने ‘प्राची स्मृती आरोहण’ ठेवलं होतं. कॉलेजच्या मागच्या सरावाच्या भिंतीवर. जिच्या फळ्या तू रे रोडच्या वखारीत जाऊन, एकेक ठोकून बघून आणल्या होत्यास, ती भिंत. फर्स्ट इयरची पोरं रांगेत उभी होती. भिंतीला हार. काकींना नारळ फोडायला बोलावलं होतं. आणि भिंतीवरून खाली सोडलेला दोर निळा होता.

आधी मला वाटलं दुसरा असेल. मग मी लाल टेप शोधली. नव्हती. म्हणजे दुसराच, असं वाटून मी क्षणभर निवांतही झाले. तरी ओंकारला विचारलं.

तो म्हणाला, “तिचाच आहे. पिशवीत तळाशी होता. सगळ्यात स्वच्छ दोर हाच होता गं, तिने किती छान ठेवला होता. म्हटलं आज हाच वापरू.”

“त्याला लाल टेप होती.”

“हां, ती काढली पोरांनी. दोराच्या मध्यावर खूण करतो ना आपण, तशी होती. पण मध्यावर नव्हतीच, भलतीकडेच लावलेली. चुकीची खूण म्हणून काढून टाकली. काल साहित्य देखभाल उपक्रम केला ना आपण, त्यात.”

“क्रेडिट दिले त्याचे?”

तो म्हणाला, “दिले. लोकेशन कॉलेजचंच होतं.”

प्राची, मी तेव्हा काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सर धावत आले. “अनघा, आजचा दिवस कसला आहे? तिच्या आईसमोर हे काय?” मी म्हटलं, दोर खाली घ्या, तिने तो बाद केला होता. ओंकार म्हणाला, “तिने संशय घेतला होता. बाद दोरप्रमुख करतो. आणि तू तर पहिल्या पायरीवर आहेस, तुला बोलायचाच अधिकार नाही.”

“मला नाही ना? बरोबर. तिला आहे. काल तुम्हीच दिलात.”

“अगं, ते... ते मानद आहे यार.”

“मानद कुठे लिहिलंय? मरणोत्तर लिहिलंय. दोरप्रमुख लिहिलंय. सरांची सही आहे. तिने सांगितलंय हा दोर बाद. तिचा शब्द आता चालायला पाहिजे, नाहीतर तो कागद खोटा आहे म्हणून इथेच सांगा.”

सर चष्मा पुसायला लागले. रांगेतली पहिली पोरगी कमरेला पट्टा बांधून तशीच उभी होती, कुणाकडे बघावं हे तिला कळत नव्हतं. आणि मग नारळ हातात घेऊन उभ्या असलेल्या काकींनी मला विचारलं, “माझ्या चेडवान ह्यो दोर नको म्हटल्यान?”

“होय काकी.”

“मगे कापा. वाट कसली बघतास?”

दोर खाली आला. ओंकारनेच सोडला, हेही लिहून ठेवते. आता टेप नव्हती, तर जागा कुठली? मी जमिनीवर बसले, डोळे मिटले आणि दोर चिमटीतून ओढायला लागले. तुझ्यासारखा. पोकळ नाही, चपटा नाही, काही नाही. सगळा सारखाच. एवढी माणसं बघतायत आणि मला काही लागत नाही. मग एका जागी बोटं चिकटली. टेपचा गोंद राहिला होता. तिथे मी सुरी लावली.

आतला गाभा पांढरा होता. स्वच्छ. एकही धागा तुटलेला मला दिसला नाही.

ओंकार वाकून म्हणाला, “बघ. चांगला होता.” त्याच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, त्यामुळे मला आणखी लागलं. मी म्हटलं, “असेल. संशय आला की बाद. नियम तुमचाच आहे.” आणि राहिलेल्या दोराचेही तुकडे केले. हात दुखेपर्यंत. काकींनी नारळ फोडला, भिंतीच्या पायाशी, आणि खोबरं त्या रांगेतल्या पोरांना वाटलं. त्या दिवशी कुणी वर चढलं नाही.

आता क्लबने माझं सभासदत्व स्थगित केलंय. साहित्याचं नुकसान म्हणून. पहिल्या पायरीवरून खाली ढकलायला त्यांच्याकडे पायरीच नव्हती, म्हणून स्थगित. तेही ठीक. पण काल ओंकारचा मेसेज आला की प्रमाणपत्रात एक शब्द राहून गेलाय, दुरुस्तीसाठी परत हवंय. ‘मानद’ घालायचंय त्यांना. म्हणजे मान ठेवायचा आणि अधिकार काढून घ्यायचा. तू बोलायची बंद झाल्यावर दिलेला अधिकार, तोही त्यांना जड झाला. मी काकींना सांगितलं. त्यांनी ते प्रमाणपत्र देवाच्या फळीच्या बाजूला लावलंय. म्हणाल्या, “येवन घेवन जा म्हणान सांग.” अजून तरी लालबागचा जिना चढून कुणी आलेलं नाही.

आणि तुझ्याशी माझं वेगळं भांडण आहे. कापलेला तो तुकडा माझ्याकडे आहे. मी रोज तो बोटांतून फिरवते आणि मला रोज काही लागत नाही. तू चुकली होतीस का गं? की घाव थोडा पुढे होता आणि मी भलतीकडेच कापलं? की तो डोळ्यांना दिसतच नाही? चुकली असलीस तरी दोर कापायलाच हवा होता, यावर मी ठाम आहे. पायऱ्या असाव्यात, हेही मी आता मान्य करायला आले होते, निदान अर्धं. पण तू असतीस तर म्हणाली असतीस की अर्धं का, पूर्ण मान्य कर, आणि मी मुद्दाम केलं नसतं, आणि आपण पुन्हा चर्नी रोडपर्यंत भांडत गेलो असतो. मला सगळ्यांचा राग आलाय, प्राची. ओंकारचा, सरांचा, त्या अ‍ॅपचा, टाळ्या वाजवणाऱ्यांचा. आणि सगळ्यात जास्त तुझा आलाय, कारण एवढं सगळं ज्याच्याशी भांडावं असं माणूस तूच होतीस.